पेतांगने न केलेला अर्ज

पेर्पेतुआ सुमागायसाय हे नाव फक्त नेमणुकीच्या कागदावर. गावात ती पेतांग, आणि पहिलीच्या मुलांची मॅम. मी सान रोके शाळेसमोरच राहतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी घंटा झाली की पाय अजून चपला शोधतात. त्यामुळे पेतांग मला रोज दिसते, आणि मी रोज थोडा वैतागतो.

शिकवण्यात तिचा हात धरणारं आमच्या किनाऱ्यावर कोणी नाही. एखाद्या पोराला अक्षर आलं नाही, तर ती त्याला एकट्याला उभं करत नाही. "सगळी रांग पुन्हा म्हणा पाहू," म्हणते. त्या आवाजात त्या पोराचाही आवाज हळूच मिसळतो. मग ती नुसत्या भुवया उडवते, की बरोबर. "चारचौघांत लाजवलेलं मूल पुन्हा तोंड उघडत नाही, मानोंग," असं तिचं म्हणणं; मानोंग म्हणजे थोरला भाऊ. खरं आहे. पण मुलांना जपणारी ही रीत ती मोठ्यांनाही लावते, आणि तिथे सगळं फसतं.

तिचा वर्ग भरतो उपाहारगृहामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. एप्रिलमध्ये तिथे पोरं भाजून निघतात. दुपारी दोघं-तिघं बाकावर डोकं टाकतात, आणि ती झोप नसते. शाळेतली सर्वांत थंड खोली समुद्राकडची, ते वाचनालय. काचेची कपाटं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पुस्तकं आणि दाराला कुलूप. तपासणीचे साहेब आले की ते उघडतं, त्यांची गाडी वळली की बंद होतं. माझ्या अंगणात उभी राहून पेतांग एकदा म्हणाली होती, "मी मुख्याध्यापक झाले ना, तर पहिल्या दिवशी ते कुलूप काढीन. पहिलीचा वर्ग तिथे. पुस्तकं पोरांच्या हातात. फाटली तर फाटली."

असं ठाम बोलताना मी तिला फार थोड्या वेळा ऐकलं आहे. त्यामुळे जुने मुख्याध्यापक निवृत्त व्हायला आले तेव्हा मी खूश झालो. पात्रता होती, परीक्षा पास झालेली होती. फक्त अर्ज टाकायचा होता.

"टाकलास का?"

"बघू या, मानोंग."

आमच्याकडे 'बघू या' म्हणजे काय, ते मला कळतं. "का?"

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली. "मानांग ओनोर आहेत ना. त्या टाकतील."

ओनोराता विलाव्हेर्त, आमच्या सगळ्यांच्या मानांग, म्हणजे थोरल्या ताई, सहावीला शिकवतात. पेतांगपेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. पेतांग डोंगरातून पहिल्यांदा शिकायला खाली आली, तेव्हा त्यांनी तिला घरात ठेवून घेतलं. आपल्या ताटातला मासा तिच्या ताटात वाढला. तिच्या परीक्षेच्या दिवशी स्वतः उपास धरला. पुढे तिच्या लग्नात निनांग, म्हणजे धर्ममाता, म्हणून उभ्या राहिल्या. असे उपकार आमच्यात फिटत नाहीत. फेडायला निघणं हाही अपमानच. जन्मभर मान खाली घालून ते वागवायचे असतात.

"त्यांनी तुला सांगितलं, की त्या टाकणार आहेत?"

"सांगायला कशाला हवं? त्या मोठ्या आहेत. त्यांच्यासमोर मी उभी राहिले तर लोक काय म्हणतील? वाळूखाली तोंड लपवावं लागेल मला."

"अगं, मग विचार तरी त्यांना!"

"छे! विचारलं तर त्यांना वाटेल, की मला हवंय."

"हवंय ना तुला?"

"म्हणून तर विचारत नाही."

मग मीच बाजारात ओनोर बाईंना गाठलं. त्या वांगी निवडत होत्या. म्हटलं, "मानांग, खुर्ची रिकामी होतेय." त्या हसल्या, चार वांगी माझ्या पिशवीत टाकली आणि माझ्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी केली. 'नाही' म्हणाल्या नाहीत, म्हणून मी समजलो, बाई अर्ज करणार.

मुदत संपली. काही दिवसांनी शाळेत एक गंमत सुरू झाली. तेव्हा ती गंमत वाटत होती. पेतांग शेडमध्ये मुलांकडून स्वागताचं गाणं बसवून घेत होती, ओनोर बाईंसाठी. आणि ओनोर बाईंनी पान्सितच्या शेवया आणून ठेवल्या होत्या, पेतांगच्या नेमणुकीच्या मेजवानीसाठी. तिला आयुष्य लाभावं म्हणून शेवया लांब राहायला हव्यात. तेव्हा कोणी त्या तोडायच्या नाहीत, अशी त्यांनी घरात ताकीदही दिली होती.

मग हुकूम आला. त्यावर नाव होतं क्रिसांतो पालमारेस, दुसऱ्या तालुक्याचे.

मी तेव्हा फाटकापाशीच होतो. दोघी शिक्षकांच्या खोलीतून बाहेर आल्या आणि एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तुम्ही टाकला नव्हता, मानांग?"

"मी कशी टाकणार? तू इतकी हुशार! तुझ्या वाटेत म्हातारीने कशाला यावं? तू नाही टाकलास?"

"तुम्ही असताना?"

आणि यावर दोघी काय करतात? हसतात! तोंडावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईतो. "अरे देवा, काय आपण!" म्हणत हातात हात घालून गेल्या वर्गांवर. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो, हे सगळं जग जाणतं. दोघींच्या सौजन्यात तिसऱ्याचा लाभ फक्त आमच्याकडे.

पालमारेस सर आले. गोड माणूस, पाठीवर हात ठेवून बोलणारा. त्यांना गाणंही मिळालं आणि पान्सितही. पोरं मनापासून गायली. सरांनी दोनदा वाढून घेतलं. मग शाळा फिरून बघितली, वाचनालयापाशी थांबले आणि म्हणाले, "वा! ही आपली शान." आठवड्याभरात तिथे नवा रंग, नवे पडदे आणि पुस्तकांना नवं प्लास्टिक. कुलूपही नवं. शेडबद्दल कोणी काही बोललं नाही. पेतांगने पडदे शिवून दिले.

शेवटी बोलला तो तिचा नवरा, डोमिंगो. तीनचाकी चालवतो, माणूस सरळ. ओनोर बाईंच्या वाढदिवसाला दोन पेले माडी पोटात गेली आणि तो उभा राहिला. "निनांग, तुम्हीपण ऐका आणि ही माझी बायकोपण ऐकू दे. भीड भिकेची बहीण! तुम्ही दोघींनी एकमेकींना मान दिला, आणि पोरं मात्र तव्यावर ठेवलीत! एकीने तरी तोंड उघडायचं होतं!"

मला वाटलं, चला, कोणीतरी बोललं एकदाचं. पण पेतांगने खाली मान घालून त्याचा सदरा ओढला, "बस खाली. असं तोंडावर बोलतात का?" आणि ओनोर बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "जाऊ दे गं, माडी बोलतेय." झालं. त्यानंतर कित्येक आठवडे दोघी डोमिंगोशी बेतानंच बोलत होत्या. एकमेकींना मात्र रोज डब्यातून काहीतरी जात होतं.

गेल्या महिन्यात पालमारेस सरांना बढती मिळाली. तपासणीत वाचनालयाला फार चांगले गुण पडले म्हणे. खुर्ची पुन्हा रिकामी. ओनोर बाईंनी या वेळी स्पष्ट सांगितलं, "माझं वय झालं, पेतांगच टाकेल." मी काठी टेकत शेडपाशी गेलो. म्हटलं, आता काय अडचण?

मधली सुट्टी होती. घाम टिपायला पोरांच्या सदऱ्याखाली पाठीवर ठेवलेले, भिजलेले पंचे काढून ती कोरडे घालत होती.

"यंदा तरी टाकलास?"

"आई आजारी होती तेव्हा सरांनी मला किती रजा दिली, मानोंग. एक शब्द विचारला नाही." तिने एकाची कॉलर सारखी केली. "आता त्यांची मेहुणी अर्ज करते आहे, असं कानावर आलंय."

"सरांनी सांगितलं तुला?"

"छे, ते कशाला सांगतील?"

मी काठी आपटली. पोरं दचकून माझ्याकडे बघू लागली. पेतांग माझ्याकडे बघून हसली, शेडमधली एकुलती एक खुर्ची माझ्यापुढे सरकवली आणि पुढच्या पोराच्या पाठीवरच्या पंच्याला हात घातला.