माहेरचं विरजण

आधी बायकोच्या एका डोळ्यासमोर धूर आला. काही आठवड्यांत तो आपोआप निवळला, म्हणून आम्ही विसरलो. पुढच्या वर्षी डावा पाय बधिर झाला. चालता चालता चप्पल मागे राहायची आणि तिला ते कळायचं नाही. मागून येणारं कोणीतरी सांगायचं. नागपूरला एमआरआय झाला आणि आजाराचं नाव कळलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच नसांवरचं आवरण कुरतडतात. दर आठवड्याला ठरलेल्या वारी मांडीत एक इंजेक्शन द्यायचं होतं, ते मी घरीच द्यायला शिकलो.

मला मोघम उत्तर चालत नाही, म्हणून आहाराबद्दल खोदून विचारलं. डॉक्टर म्हणाले, या रुग्णांच्या आतड्यातले जिवाणू इतरांपेक्षा काहीसे वेगळे आढळतात. पण ते कारण की परिणाम, हे अजून ठरलेलं नाही. डाळी, भाज्या, भाकर खा, सोसत असेल तर दही खा, पण इंजेक्शन चुकवू नका. हे जिवाणू असतात किती, असं मी विचारलं.

"आपल्या शरीरात जितक्या पेशी, साधारण तितकेच."

परतीच्या एसटीत मी तोच हिशेब करत होतो. खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या बाईतली निम्मीच माझी बायको होती. उरलेली निम्मी कोण?

घरात टोस्ट आणि फरसाण बंद झालं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी आणि रोज वाटीभर दही सुरू झालं. आमच्याकडे मुलगी सासरी निघताना तिची आई आपल्या गाडग्यातलं विरजण बरोबर देते. आमचं दही असं बायकोच्या माहेराहून, आसेगावहून आलेलं. सासूबाई वारल्या, दही चालू राहिलं. कालच्यातलं चमचाभर आजच्या दुधात, एवढंच.

शेजारच्या काकूंना हे पटलं नाही. पाय ओढतो म्हणजे वात, आणि वाताला तूर-दही वर्ज्य.

"दही खाऊन राह्यली? पाय गेला त मंग मले नको सांगू."

"काकू, तुमी त जनमभर नाई खाल्लं. तुमचे गुडघे काहून कुरकुरतात मंग?" बायको म्हणाली.

काकू हसल्या. जाताना नातवासाठी म्हणून विरजण घेऊन गेल्या.

मग पायाचा बधिरपणा ओसरला. सगळे खूश होते. एका दुपारी स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "हो वं माय, जेवतो ना." मी डोकावलो. आत ती एकटीच होती, हात पोटावर.

पुढच्या इंजेक्शनला तिनं पाय आखडून घेतला.

"नाई घ्यायचं."

"काहून?"

"माय आत हाय. तिनं पाय परत देला. तुमी सुई टोचता त माय दिवसभर चूप राहते."

दूध उतू गेलं, हे ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात हे सांगितलं. मी घाबरलो. इंजेक्शन सुटलं तर तो पाय पुन्हा जाईल, कदाचित कायमचा. मला ठाऊक होतं तेवढंच मी बोललो.

"डोळाबी आपोआप साफ झाला होता. तवा तू टोस्टच खात होती. हा आजार येते, जाते, अन् परत येते. पुढच्या खेपेले पाय नाई आला त?"

ती पायाची बोटं हलवून बघत राहिली.

"तवा डोळा कोनं देला मंग?"

"मले नाई माईत," मी म्हणालो.

"थांबा. तिले सांगू द्या."

तिनं दोन्ही तळवे पोटावर ठेवले. ओठ हलले, आवाज आला नाही. मग तिनं पाय पुढे केला. मी सुई टोचली. तेवढ्यात तिच्या पोटात गुरगुरलं, लांबलचक, भुकेल्या माणसाच्या पोटात गुरगुरतं तसं.

"काय म्हणाली?" मी विचारलं. विचारायचं ठरवण्याआधीच विचारून गेलो होतो.

"घेत जा म्हणते."

पदर सारखा करून ती भाकरी टाकायला उठली. जेवताना मी दह्याची वाटी बराच वेळ समोर ठेवून बसलो. मग खाल्लं.