बंद कसं करायचं ते आधी दाखवा

आमच्या कॉलेजात नवा जनरेटर आला तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले गेले, संचालकांनी बटण दाबलं आणि तो धडधडू लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गर्दीतून एक बाई पुढं आल्या आणि मिस्त्रीला म्हणाल्या, "चालू झाला, दिसलं. बंद कसा करायचा ते दाखवा." मिस्त्री हसला, संचालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाई मात्र जनरेटर बंद करून दाखवेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. या बिरादार मॅडम, नांदेडच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या लॅब असिस्टंट. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की माझं डोकं फिरतं. आधीच सांगून ठेवतो, हे शांतपणे लिहिलेलं नाही.

मॅडम मूळच्या उदगीरच्या. डिप्लोमा झालेला, नोकरी दरवर्षी नव्या कराराची. कानडी मुलूख जवळ, म्हणून 'साकु' हा शब्द कायम तोंडात. साकु म्हणजे पुरे. कुणी चहा जास्त ओतला की साकु, कुणी बढाया मारू लागला की "साकु करा, सर!" मी एम.टेक. झालेला प्राध्यापक, त्यामुळं हे वाक्य माझ्याच वाट्याला जास्त यायचं.

मुलांचे प्रोग्राम तपासायची यंत्रणा आम्ही दोघांनी उभी केली. म्हणजे काम त्यांचं आणि नाव माझं, उगाच खोटं कशाला बोला? मुलांनी प्रोग्राम लिहून पाठवायचा आणि आमच्या मुख्य प्रोग्रामनं तो एका बंद खोलीत चालवायचा, जिथून त्याला दुसऱ्या कशालाच हात लावता येत नाही. मुलांचा प्रोग्राम पाहुणा, आमचा यजमान. अशा खोल्या आठ. आता पहिल्या वर्षाच्या पोरांचे प्रोग्राम एकाच जागी गोल गोल फिरत बसतात, संपायचं नाव घेत नाहीत. म्हणून मॅडमनी यजमानाच्या हाती घड्याळ दिलं. पाच सेकंद झाले की घंटा. पाहुण्यानं दर फेरीला घंटा झाली का ते बघायचं, झाली असेल तर तिथंच थांबायचं. बाकी सात खोल्यांना धक्कासुद्धा नाही. या सोयीला त्यांनी नाव दिलं 'साकु'.

"असले प्रोग्राम लिहिणाऱ्यांना शिक्षाच केली पाहिजे," मी एकदा वैतागून म्हणालो.

"पाहुण्यावर काय चिडता, सर? तो नवा हाय, चुकणारच. थांबवायचं काम यजमानाचं," मॅडम म्हणाल्या.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधी मी माझी अक्कल पाजळली. एक नवी सोय जोडली. पाहुण्याला एखादा आकडा हवा असेल तर त्यानं यजमानाकडं मागायचा, आणि यजमान देईपर्यंत थांबायचं. मॅडमनी ते वाचलं.

"आणि आकडा आलाच न्हाई तर?"

"येईल हो."

"न्हाई आला तर, सर? तोवर पाहुणा त्याच्या खोलीत नसतो, तुमच्या कामात अडकून बसलेला असतो. घंटा झाली तरी बघणार कोण?"

"मॅडम, हे मी लिहिलंय. यजमानाच्या कामाला साकु लागत नाही."

त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. मला वाटलं, गप्प केलं!

परीक्षेच्या दिवशी भोकरच्या वैष्णवीनं तिचा प्रोग्राम चालवला. दहा आकडे मागायचे होते, हिच्या प्रोग्रामनं अकरावा मागितला. साधी, कुणाच्याही हातून होणारी चूक. अकरावा आकडा नव्हताच. पाहुणा माझ्या त्या सोयीत जाऊन बसला तो बसलाच. घंटा झाली, पण ऐकणारा जागेवर नव्हता. उत्तर येईना म्हणून पोरीनं पुन्हा चालवलं, पुन्हा चालवलं. आठ वेळा. आठही खोल्या भरल्या आणि साठ मुलांची परीक्षा जागच्या जागी थिजली. वैष्णवी रडायला लागली. मी नुसता कीबोर्ड बडवत राहिलो.

मॅडमनी येऊन स्क्रीन बघितली आणि एका वाक्यात काय झालं ते मला सांगितलं. मग त्यांनी सगळा यजमानच बंद केला. दुसरा मार्ग ठेवला होता कुठं मी? मुलांनी लिहिलेलं काही गेलं नाही, कारण दर मिनिटाला ते जपून ठेवायची व्यवस्थाही त्यांचीच. पण संचालक दारात आले नेमके साठ स्क्रीन कोऱ्या असताना.

केबिनमध्ये आम्हाला दोघांना उभं केलं. "त्या पोरीला शून्य द्या. आणि सर्व्हर कुणी बंद केला?"

"मी केला," मॅडम म्हणाल्या. "पोरीला शून्य देऊ नका, सर. तिची चूक एका आकड्याची हाय. परीक्षा अडकली ती आपल्यामुळं."

"आपल्यामुळं म्हणजे कुणामुळं?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होतो. निळा होता, आत फूल होतं. लाज वाटते सांगायला, पण मला तो पेपरवेट पाठ आहे.

वैष्णवीचं शून्य टळलं, दुपारी सगळ्यांची परीक्षा पुन्हा झाली. मॅडमचा करार मात्र त्या वर्षी पुढं सरकला नाही. "बाई हुशार होत्या, पण लई प्रश्न विचारायच्या," असं संचालक स्टाफरूममध्ये हसत म्हणाले, आणि आम्ही चौदा शिकलेली माणसं माना डोलावत बसलो. थू! त्या माणसाचा राग येतो, पण खरा संताप होतो तो त्या चौदांतल्या एकाचा. मॅडम लातूरला एका क्लासच्या लॅबमध्ये लागल्या. निरोपसमारंभ झाला नाही.

दोन महिन्यांनी मी माझी ती सोय दुरुस्त करायला घेतली. आमच्याकडं नियम असा की लॅब असिस्टंटनं केलेला कुठलाही बदल प्राध्यापकानं मंजूर केल्याशिवाय लागू होत नाही. मंजुरीची यादी मी कधी उघडतच नसे. त्या दिवशी उघडली. मॅडमच्या नावावर एक बदल पडून होता. 'आकडा दोन सेकंदांत न आल्यास पाहुण्याला परत पाठवणे, म्हणजे साकु लागू होईल.' लिहिलेला, तपासलेला, तयार. तारीख परीक्षेच्या आठ दिवस आधीची. मी फक्त एक बटण दाबायचं होतं.

आणि हे त्यांना माहीत होतं. केबिनमध्ये नुसती ती यादी उघडून दाखवली असती, तर नोकरी वाचली असती.

मी लातूरला फोन लावला. हॅलोसुद्धा म्हणालो नाही. "मॅडम, तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?" मी अक्षरशः ओरडलो, जणू चूक त्यांचीच.

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघितली, सर," त्या शांतपणे म्हणाल्या. "किती वेळ बघायची ते ठरवलं न्हवतं. माझं तेवढंच चुकलं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"साकु, सर," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.