खुंटी नसलेला खेळाडू

दत्ता मिरजकर गेल्याची बातमी आमच्या जुन्या हॉकी क्लबच्या चिटणिसांनी फोनवर दिली. "सर, तुमचे ते कुठेही खेळणारे मिरजकर वारले." चिटणीस तरुण आहेत. त्यांनी दत्ताला खेळताना पाहिलेले नाही. तरीही तेवढे त्यांना ठाऊक होते. मी फोन ठेवला...

दत्ता जुन्या हुबळीतल्या भांड्यांच्या दुकानदाराचा मुलगा. मी त्याच्याच संघाचा गोलरक्षक. गोलरक्षकाला आपल्या माणसांच्या पाठी दिसतात, आणि कोण कोठे शोभतो हे पाठीवरून बरोबर कळते. दत्ता सेंटर हाफ होता. मैदानाच्या मधोमध उभा राहून तो खेळ मागून पुढे नेई. चेंडू आला की घाई न करता मान वर करी, आणि आपण मोकळे आहोत हे ज्याला स्वतःलाही उमगलेले नसे, नेमका त्याच्या स्टिकवर चेंडू नेऊन ठेवी. हे शिकवता येत नाही. त्याला ते कोणी शिकवलेही नव्हते.

क्लबच्या खोलीत भिंतीवर एका ओळीत खुंट्या होत्या, प्रत्येक जागेची एक. सामन्याच्या सकाळी मॅनेजर त्यांवर शर्ट टांगीत, आणि ज्याने त्याने आपल्या खुंटीवरचा उचलायचा. मधली खुंटी सेंटर हाफची. पहिल्या मोसमात ती दत्ताची होती. दुसऱ्या मोसमात बसवराज नावाचा खेळाडू आला. अंगाने दणकट, मनाने सरळ. पण मधून बाजूला काढला की तो हरवून जाई. आमचे प्रशिक्षक शिवप्पा मास्तर यांनी दत्ताला बोलावले. मी पायाला पॅड बांधीत शेजारीच बसलो होतो.

"बसूला दुसरीकडे कुठं जमत नाही रे. तुला जमतं. तू शहाणा आहेस."

"आगलि री, सर," दत्ता कानडीत म्हणाला. होऊ द्या.

ज्याला एकच काम येते त्याला त्याची जागा मिळाली. ज्याला सगळी येत होती त्याची गेली. त्या दिवसापासून दत्ता दाराशी उभा राही. सगळ्यांनी शर्ट उचलले की न आलेल्याचा उरलेला घाली. कधी बॅक, कधी लेफ्ट आउट. पोरे चिडवीत, "दत्तण्णा, आज कुणाचा ताप अंगावर घेतलास?" तो हसे. मॅनेजर प्रत्येक समारंभात त्याची पाठ थोपटीत. अशी थाप फार स्वस्त पडते.

राज्याच्या संघाची निवड बेंगळुरूला होती. आम्ही दोघे गेलो होतो, मॅनेजर बरोबर. त्या वर्षी निवड समितीला सेंटर हाफच हवा होता, हे सगळ्यांना माहीत होते. आदल्या संध्याकाळी दत्ता मला म्हणाला, "उद्या तेवढं एक सांगतो. मग काय व्हायचं ते होऊ दे." सकाळी निवड समितीच्या गृहस्थांनी विचारले, "तुमची जागा कोणती?" दत्ताने तोंड उघडले. तेवढ्यात मॅनेजर अभिमानाने पुढे झाले. "कुठेही टाका साहेब, कुठेही खेळतो!"

गृहस्थांनी मान डोलावली आणि त्याला उजव्या कडेला पाठवले. तेथे तो बरा खेळला. बऱ्या खेळाडूंची त्या मैदानावर वाण नव्हती. सेंटर हाफ म्हणून दुसऱ्याच गावचा एक मुलगा घेतला गेला. माझी निवड झाली. गोलरक्षकाला कोणी जागा विचारीत नाही. परतीच्या गाडीत दत्ता एवढेच म्हणाला, "तुझं बरं आहे रे. मार खायच्या जागेवर कुणाचा डोळा नसतो."

मॅनेजर वाईट नव्हते. शिवप्पा मास्तरही नव्हते. हेच मला आजवर पचलेले नाही. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येते...

शोकसभेत नव्या चिटणिसांनी 'संघासाठी स्वतःची जागा सोडणारा' असे त्याचे वर्णन केले. टाळ्या पडल्या. सोडणे आणि सुटणे यांतला फरक सांगायला मी उठलो नाही. ती जागा व्याकरणाची नव्हती.

परवा रायापूरला त्याच्या घरी गेलो. दत्ताच्या खोलीत भिंतीला खुंट्या आहेत, सगळ्या रिकाम्या. त्याचा सदरा खुर्चीच्या पाठीवर होता. "जन्मभर असाच टाकायचे," वहिनी म्हणाल्या. "खुंटी दाखवली तर म्हणायचे, कुणाला तरी लागेल. आता तुम्हीच सांगा भावजी, कुठे टांगू?"

"मधल्या खुंटीवर," मी म्हणालो.

त्यांनी सदरा उचलला, झटकला, खुंटीपर्यंत नेला. मग परत येऊन तो खुर्चीच्या पाठीवर नीट पसरला.

"नको," त्या म्हणाल्या. "तिथं ह्यांना सापडायचा नाही."