रंगाऱ्याच्या घरची भिंत

त्या रंगाऱ्याला सगळे ‘दोन मिनिटं’ म्हणत. गिऱ्हाईक दोन फिकट पिवळट रंगांत अडकलं, की हा भिंतीवर दोन्हींचे वहीएवढे चौकोन रंगवी, घरातल्या माणसांना आळीपाळीनं त्यांच्यापुढे उभं करी आणि दोन मिनिटांत निकाल देई. भिंत कोण बघतो, भिंतीपुढची माणसं दिसतात, असं त्याचं म्हणणं. ज्या रंगापुढे माणूस आजारी दिसतो, तो रंग बाद.

स्वतःच्या घरी मात्र ‘ओली वाळू’ आणि ‘कोवळं कणीस’ तीन आठवडे भिंतीवर शेजारी शेजारी वाळत होते. फरक इतका, की शेजारणीनं विचारलं, एकच रंग दोनदा का लावलाय?

सोमवारपासून त्या खोलीत बायकोचा शिवणाचा वर्ग सुरू व्हायचा होता. तिचा स्वतःचा असा पहिलाच उद्योग. आठ जणींनी नावं दिली होती. रंगाऱ्याच्याच घरात ठिगळं लावलेली भिंत बघून त्या काय म्हणतील, या विचारानं तिला घास गोड लागेना. शुक्रवारी सकाळी तिनं सांगून टाकलं, की दुपारपर्यंत ठरलं नाही तर पलीकडच्या गल्लीतल्या रंगाऱ्याला बोलावणार.

हे वर्मी लागलं. त्यानं तिला वाळूपुढे उभं केलं, मग कणसापुढे, पुन्हा वाळूपुढे. चष्मा पुसून आला. लग्नानंतर त्यानं आपल्याकडे इतका वेळ पाहिल्याचं तिला आठवेना. राग कुठल्या कुठे गेला आणि गाल लाल झाले.

“लाजू नकोस गं,” तो वैतागला. “दोन्हीकडे सारखीच छान दिसतेस. निकाल कसा लावू?”

“म्हणजे अहो, रागावल्यावर वाईट दिसते?”

“तेच तर बघायचंय. आठ जणी बाह्या उलट्या जोडतील, तेव्हा तू लाजत थोडीच बसणार आहेस?”

मग त्यानं कबूल केलं, की परवा रंगाचा डबा तिच्या कापड बेतायच्या कात्रीनं उघडला होता.

पुढचं सगळं तिनं एका दमात ऐकवलं. ती बोलत असतानाच तो तिला खांद्याला धरून इकडून तिकडे नेत होता. वाळूपुढे तिचा चेहरा काविळीचा वाटला. कणसापुढे राग नुसता खुलला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

संध्याकाळपर्यंत कणसाचा पहिला हात झाला. ती त्याच्याशी बोलत नव्हती. ओल्या भिंतीपासून हातभर दूर उभी राहून, आरसा कुठे टांगावा, एवढंच बघत होती.