काजळी धरलेली काच

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवाला नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही माझ्यासमोर बसलेले नाहीत. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघत हे सांगण्याची माझी छाती नाही — आणि गोष्ट डोळ्यांचीच आहे.

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. मला त्याचा गर्व होता. आजही आहे, उगाच नम्रपणाचा आव आणत नाही. आम्ही कल्याणचे शिंपी. वडील लवकर गेले, तेव्हा थोरल्या भावानं, दादानं, शाळा सोडली आणि वडिलांची सुई हातात घेतली. संध्याकाळ झाली की घरात दिवा एकच. एका बाजूला माझं पुस्तक, दुसऱ्या बाजूला दादाचं शिवणकाम. मधूनमधून तो दिवा बोटानं माझ्याकडे सरकवायचा. मी मान वर करून बघायचोसुद्धा नाही. वहिनी आतून ओरडायची, "अहो, डोळे फोडून घ्यायचेत का?" तो म्हणायचा, "माझे हात पाठ आहेत गं. त्याला वाचायचंय."

हे आधी सांगितलं ते मुद्दाम. पुढे लागणार आहे.

पदवी मिळाल्यावर मला ठाण्यात नोकरी लागली. मुंबईच्या एका शेटचा खाडीकडे बंगला होता आणि त्याच्या आवारात एक मोठं काचघर — छप्पर काचेचं, भिंती काचेच्या, आत शेकडो कुंड्या. नेचे, बेगोनिया, आणि सगळ्यांत जास्त क्रोटन. शेटला क्रोटनचं वेड. गणपतीच्या आराशीत दोन्ही बाजूंना लाल-पिवळ्या पानांच्या कुंड्यांच्या पायऱ्या रचायची त्याची हौस. आता तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्याकडे आषाढ-श्रावणात सूर्य दिसत नाही. ऊन नसलं की क्रोटनचा रंग उतरतो, पानं हिरवी पडत जातात. म्हणजे नेमकं भाद्रपदात, हवा तेव्हा, रंग गायब.

शेटनं कुठेतरी ऐकलं की विलायतेत विजेच्या दिव्याखाली झाडं वाढवतात. झालं. वाफेचं छोटं इंजिन आलं, डायनामो आला, आणि काचघराच्या मधोमध दिवा टांगला गेला. कोळशाच्या दोन कांड्या, त्यांच्या टोकांमध्ये पांढरा लखलखाट, आणि सतत सूं सूं असा आवाज. त्या दिव्याभोवती दुधी काचेची मोठी हंडी होती. सगळी माहिती सोबत आलेल्या इंग्रजी पुस्तकात, म्हणून त्यावर देखरेखीला मी. ढगाळ दिवशी दुपारपासून दिवा लावायचा, तो दिवेलागण उलटून जाईपर्यंत.

मी सगळं वाचलं होतं, हे लक्षात ठेवा. अज्ञान ही सबब मला नाही. हंडीवाचून दिवा लावला तर पानं करपतात, हे त्यात लिहिलं होतं. उघड्या दिव्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघू नये, हेही लिहिलं होतं. कांड्या सारख्या करताना मी एक काजळी धरलेली काच डोळ्यांपुढे धरायचो, ग्रहण बघायला धरतात तशी. ती माझ्या कोटाच्या खिशात असायची.

हंडी माझ्या हातून फुटली. पुसताना.

नवी विलायतेहून यायची, म्हणजे महिने. गणपती तोंडावर. शेट मुंबईत. मी काय करायला हवं होतं? त्याला कळवायला हवं होतं की फुटली, दिवा बंद ठेवतो. पण मी बी.ए. होतो ना! हातातून काच निसटणारा हमाल नव्हतो — असं मला वाटायचं. मी दिवा उघडाच लावला. दिव्याकडची पानं तपकिरी पडायला लागली, तेव्हा मी कुंड्या फिरवून करपलेली बाजू भिंतीकडे केली. किती सोपं होतं ते! एकदा फिरवता आलं की माणूस सगळंच फिरवायला लागतो.

त्याच आठवड्यात दादा आला. धाकट्या भावानं ठाण्यात सूर्य टांगलाय, असं तो कल्याणभर सांगत होता. तो बघायला आला. मला कुडता शिवून आणला होता. संध्याकाळची वेळ, बाहेर झड लागलेली. शेजारपाजारची दहा-वीस माणसं काचघराच्या दारात जमली होती, रोजच जमायची. झिजलेल्या कांड्या बदलायला दिवा विझवला होता; नव्या कांड्या मी जवळ आणल्या. लख्ख झालं.

आणि सगळ्यांनी हात जोडले.

याचा विचार ना ते इंग्रजी पुस्तक लिहिणाऱ्यानं केला होता, ना मी. आपल्याकडे तिन्हीसांजेला दिवा लागला की माणूस त्याच्याकडे बघतो आणि हात जोडतो. बाकीच्यांनी जोडले, डोळे दिपले तशी तोंडं फिरवली, हसले. दादा पुढे आला. पार दिव्याखाली. हात जोडून, मान वर करून, बघत राहिला.

"अरे गणू," तो म्हणाला, "झाडांनासुद्धा झोपू देत नाहीस होय रे? आपल्या घरच्या दिव्यापुढे वाचताना तुझीच मान पेंगून पडायची!" लोक हसले. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला वाटलं — नाही, मी वाटून घेतलं — की ते कौतुकाचं आहे.

माझा हात खिशात होता. बोटं काचेवर होती.

काढली का नाही? काढली असती तर कुणीतरी विचारलं असतं, ही कशाला? मग, नुसत्या डोळ्यांनी बघायचं नसेल तर आम्हाला रोज का बघू दिलंस? मग, दिव्याला झाकण नसतं का? मग हंडी. एवढंच. एका फुटलेल्या हंडीसाठी मी हात खिशातच ठेवला. दादा बराच वेळ बघत होता. मी त्याच्याकडे बघत होतो. आणि मला आनंद होत होता, हेही लिहितो.

त्या संध्याकाळीच त्याचे डोळे लाल झाले. वाळू गेल्यासारखं खुपतंय म्हणाला. मी म्हटलं, खाडीचा वारा लागला असेल. धणे भिजवलेल्या पाण्याच्या घड्या ठेवल्या, मनापासून ठेवल्या. दोन-तीन दिवसांत ठणका गेला. तो कल्याणला परतला, आणि सुईत दोरा ओवेना. "बाजूचं सगळं दिसतं रे," म्हणायचा, "जिथे बघायला जावं तेवढंच पुसल्यासारखं होतं."

मी त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर गोरा साहेब होता, त्याला मराठी येत नव्हतं. दादाला इंग्रजी येत नव्हतं. मधे मी.

आता खरं सांगतो. एवढा वेळ ज्याच्या अवतीभवती फिरतोय ते हे.

डॉक्टरनं डोळे तपासले आणि मला विचारलं, यानं उघड्या डोळ्यांनी ग्रहण पाहिलं होतं का? मी दादाला विचारलं. दादा हसला. म्हणाला, "ग्रहण कुठलं? तुझा सूर्य पाहिला तेवढाच."

डॉक्टर माझ्याकडे बघत होता.

मी इंग्रजीत म्हटलं, नाही म्हणतो. शिंपी आहे, वर्षानुवर्षं अंधुक उजेडात शिवतो. डॉक्टर मान हलवून म्हणाला, तसंच असेल मग. आणि मी दादाकडे वळून मराठीत सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, अंधारात शिवून शिवून डोळे गेले."

ज्या इंग्रजीसाठी तो माझ्याकडे दिवा सरकवत आला, तिचा मी हा उपयोग केला.

"असेल रे," दादा म्हणाला. माझ्यावर त्यानं संशय कसा घ्यावा? मी शिकलेला होतो.

खरं सांगितलं असतं तर त्याचे डोळे परत आले असते का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की त्याची आता मला किळस येते. त्याच्या उत्तरानं माझं काही बदलत नाही.

आराशीत क्रोटन शोभून दिसले. करपलेली बाजू मागे होती. शेटनं माझी पाठ थोपटली.

दादानं पुन्हा सुई धरली नाही. कापड बेतून द्यायचा, तेही हातानं चाचपून. दिवेलागणीला मात्र हात जोडायचा — मान एका बाजूला वळवून. दिव्याकडे सरळ बघितलं की दिवाच नाहीसा व्हायचा, म्हणून तो असा कडेनं बघायचा. आळीतले लोक चेष्टा करायचे, "काय हो, दिव्यावर रुसलात काय?" तो हसायचा. मीही हसायचो.

वहिनीनं मात्र डॉक्टरचे ते शब्द मनाला लावून घेतले. तेल पुरवून वापरणारी तीच होती ना. त्या दिवसापासून ती दोन दिवे लावायला लागली, दुसरा दादाच्या बसायच्या जागेशी. "तेव्हाच लावायला हवा होता," एवढंच म्हणायची.

दादाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून कल्याणला जातो. तिन्हीसांजेला वहिनी एक दिवा देवापुढे लावते, आणि दुसरा त्या रिकाम्या जागेपुढे. मला जेवायला वाढते. मी जेवतो.