गुरुजींच्या मांडवाचं छप्पर

तोंडवलीत आम्हा बेने इस्रायली ज्यूंचं घर एकच. सुक्कोथ हे आमच्या सणाचं नाव गावात कुणाला ठाऊक नव्हतं, पण 'गुरुजींचो माटव' सगळ्यांना ठाऊक. पावसाळा सरता सरता अंगणात झावळ्यांचा मांडव घालायचा, सात दिवस त्यात जेवायचं आणि छपरातून तारे दिसलेच पाहिजेत, असा आमचा नेम. गावच्या शाळेचे गुरुजी म्हणजे माझे बाबा दर वर्षी स्वतःच्या हातांनी मांडव घालायचे.

त्या वर्षी डॉक्टरांनी बाबांना 'घरी न्या' म्हणून सांगितलं. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली. बाबा सारखे अंगणाकडे बोट करायचे आणि मी आत जाऊन रडायची. मला कुठे खांब रोवता येत होता? काही म्हणता काही येत नव्हतं.

सणाच्या दिवशी सकाळी शेजारचा रापणकार, बाबांचाच जुना विद्यार्थी, न बोलावता झावळ्या घेऊन आला. मासेमारी सोडून दिवसभर खपला. छपराला विणलेले झाप, त्यावर आणखी झाप. "गुरुजींच्या आंगार एक थेंब पडाचो नाय," छाती फुगवून म्हणाला. त्यातून तारा कसला दिसणार! एवढ्या मायेने केलेल्याला नावं कशी ठेवायची? त्याला चहा करून दिला.

संध्याकाळी बाबांना खाटेसकट मांडवात आणलं. ते वर बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. माझं डोकंच फिरलं, आणि राग निघाला तो त्या बिचाऱ्यावर. "अरे, आभाळ कुठाय? तारे दिसायला हवेत त्यांना!"

तो ओशाळला. "मगे आधी सांगाक नको गो?" म्हणत वर चढला आणि खाटेच्या नेमके वरचे झाप भराभरा उपटून टाकले.

पण आभाळ गच्च. थेंब पडायला लागले. हा पठ्ठ्या बाबांवर छत्री धरून उभा. ढग जरा हलले की छत्री बाजूला घ्यायचा. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. एक तारा दिसेल तर शपथ!

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा गेले. त्यांना आत निजवलं होतं, दफनाला मुंबईची माणसं यायची होती. आणि संध्याकाळी ते मेलं आभाळ लख्ख झालं! तो दारात आला, हातात छत्री तशीच.

"बाय, गुरुजींका भायर हाडूया?"

"डोळे मिटलेत रे आता," मी म्हटलं.

त्याने छत्री दाराशी ठेवली. "मगे मी बघतंय तेंच्यासाठी," म्हणाला, आणि मांडवात जाऊन रिकाम्या खाटेपाशी मान वर करून उभा राहिला.