पिंपातली मोटर

भानुमतीबाईंच्या यजमानांनी, म्हणजे नानासाहेबांनी, आयुष्यात एकच गोष्ट मन लावून सांभाळली: बोटीच्या मागे लावायची मोटर. त्यांचे वडील दरबारच्या होड्यांवर देखरेखीला होते. संस्थान विलीन झालं तेव्हा मोटर त्यांच्या पदरात पडली, बोट नाही. मल्हारगंजातल्या त्या गल्लीत सायकल वळवायची तर शेजाऱ्याच्या ओट्यावर चढावं लागे, आणि तिथे हे नावाडी!

पुढे राज्याची राजधानी शहरातून भोपाळला गेली. दरबारची माणसं बँकेत, शाळेत, गिरणीत चिकटली. नानासाहेबांना कुठलंच काम शोभेना. भानुमतीबाई मुलींना भूगोल शिकवून घर चालवत आणि घरी येऊन मोटरीखाली सांडलेलं तेल पुसत.

मग तलावावर मोटारबोट सुरू करायचं ठरलं. नगरपालिकेचे इंजिनियर शंकरराव घरी आले. "बोट आहे, मोटर नाही. चालू करून दाखवा, नानासाहेब. चालली तर मोटरही घेऊ आणि चालवायला तुम्हालाही."

सुटलो एकदाचे, बाईंना वाटलं.

ही मोटर जमिनीवर कोरडी चालवली तर जळते. म्हणून तिचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवायचा. खालच्या फटींतून ती पाणी ओढते, गार राहते आणि मागून बारीक धार सोडते. धार पडतेय तोवर चिंता नाही. हे सारं नानासाहेबांनीच बाईंना ऐकवलेलं, भाजी निवडतानासुद्धा.

पण सरळ सुरू करतील तर ते नानासाहेब कसले! दिवस निवडला खंडेनवमीचा. घरातली तलवार कधीच गेली होती, म्हणून पूजा मोटरीची. गंध, हार, नारळ झाले आणि मग मूठमूठ झेंडूच्या पाकळ्या थेट पिंपात.

"अहो, पाण्यात फुलं कशाला?"

"दरबारात असंच व्हायचं."

"दरबारात तलाव होता. हे पिंप आहे."

"तू तुझा भूगोल बघ."

शंकररावांसमोर दोरी ओढली. मोटर खोकली, मग गर्जली. गल्ली गोळा झाली. "वा भिया, गजब!" कुणीतरी ओरडलं. मागून धार पडू लागली. झालं! नानासाहेब मोटरीकडे पाठ करून वडिलांच्या गोष्टी सांगायला लागले.

बाईंचं लक्ष धारेवर होतं. धार बारीक झाली, थेंबांवर आली, थांबली.

"धार गेली! अहो, बंद करा!"

नानासाहेबांनी वळून पाहिलं. गल्लीसमोर बायकोचं ऐकायचं? "कचरा असेल. जोर दिला की सुटेल," म्हणत त्यांनी वेग वाढवला. जळका वास सुटला, खाडकन आवाज झाला आणि मोटर जागच्या जागी जाम झाली.

शंकररावांनी ती उचलली. फटींतून झेंडूचा लगदा निघाला.

"ही गेली. मोटर बाहेरून मागवू," ते म्हणाले, "आणि चालवणाराही." मग बाईंकडे पाहून जरा ओशाळले. "काठावर तिकिटं द्यायला माणूस हवाय. म्हणजे, जमत असेल तर."

नानासाहेब ताठ झाले. "दरबारच्या नावा ज्यांच्या हुकमावर हलायच्या, त्यांचा मुलगा तिकिटं फाडणार?"

"फाडणार," भानुमतीबाई म्हणाल्या. "शंकररावजी, सोमवारपासून पाठवते. डबा देऊन."